गौराबाईनं पाहिलेला शेवटचा भाग

गौराबाई आमच्या मागच्या खोलीत अकरा वर्षं राहिली. एवढ्या वर्षांत तिनं मला एकच खोटं बोलायला लावलं, पण ते रोज.

खोटं असं, की तिचा नवरा चांगो बोटीवर आहे. बोटीवर म्हटलं की माणसं फार खोलात शिरत नाहीत. दोन वर्षं, तीन वर्षं दिसला नाही तरी चालतं. कुणी फारच नेट धरला तर मी म्हणायची, "सध्या एडनला आहेत." एडन कुठं आहे ते मलाही धड माहीत नव्हतं. आमच्या यांच्या शाळेच्या नकाशात ते नाव वाचलेलं, तेवढंच.

खरं काय ते मला पहिल्या वर्षीच कळलं. गौराबाईला वाचता येत नव्हतं. एक दिवस दुपारी ती पदराखाली झाकून एक कार्ड घेऊन आली. कार्डावर तुरुंगाचा शिक्का होता. मी ते दोनदा वाचलं आणि मग देवघराकडे पाहिलं, का पाहिलं कोण जाणे. ती म्हणाली, "वैनी, ह्ये आता आपल्या दोगीतच. तुमी आन मी."

शिळफाट्याच्या अलीकडे त्यांचं भाताचं शेत होतं. पंच्याहत्तर सालच्या लावणीत चुलतभावानं रात्रीतून बांध फोडला आणि चांगोच्या खाचरातलं पाणी आपल्यात घेतलं. सकाळी बोलाचाली झाली. चांगोच्या हातात कोयता होता. एकच घाव. चुलतभाऊ तिथंच चिखलात गेला आणि चांगो बांधावर बसून राहिला, पोलीस येईपर्यंत. जन्मठेप झाली. भावबंदांनी गौराबाईला घरात ठेवलं नाही. ती सात वर्षांच्या हिरूला घेऊन दहिवलीला आली आणि नदीपलीकडे कर्जतच्या भातगिरणीत पाखडायला लागली. तिच्यासारखं सूप फिरवणारी मी दुसरी पाहिली नाही. तूस, कणी, खडा, तीन ठिकाणी तीन व्हायचं, आणि तोंडातून शब्द नाही.

वर्षातून दोनदा ती त्याला भेटायला घाट चढून जायची. शेजारी विचारायचे तेव्हा मावशी आजारी असायची. ती मावशी अकरा वर्षं आजारी होती, पण कुणाच्या लक्षात आलं नाही.

आमच्याकडे टीव्ही आला, त्यानंतर दोन वर्षांनी, म्हणजे सत्याऐंशी साली, ती तुरुंगाची मालिका लागली. हिंदी होती. एका निरपराध माणसाला खुनात गोवतात, तो आत सडत असतो आणि पळायचे बेत करतो. आठवड्यातून एकदा आमची पुढची खोली भरून जायची. मी देवघरावर पडदा सोडून टीव्हीचं लाकडी दार उघडायची. ज्यांना हिंदी कळत नव्हती त्यांना मी सांगायची, आणि मला कळत नसे तिथं आमचे हे.

गौराबाई कधी आली नाही. मालिकेचं गाणं सुरू झालं की ती सूप घेऊन मागच्या अंगणात जायची. शेजारची सोनुबाई एकदा म्हणाली, "काय गं गौरा, तुजा बोटवाला टीवीत दिसंल म्हणून भितेस का काय?" सगळ्या हसल्या. गौराबाईही हसली. मी मात्र त्या दिवशी भाजीत दोनदा मीठ घातलं.

अशात हिरूला कडावचं स्थळ आलं. मुलगा गजा, कर्जतला एका गॅरेजात कामाला. सरळ, हसतमुख पोरगा. त्याच्या आईनं, धोंडूबाईनं, हिरूला गिरणीच्या वाटेवर दोनदा हेरून पाहिलं होतं. बाई बोलायला फाटक्या तोंडाची, पण मनानं वाईट नव्हती. तिचं सगळं ठरलं होतं, फक्त एक सोडून.

"पोरीचा बाप लग्नाला पायजे," ती म्हणाली. "मला मांडवात व्याही पायजे बाय. बोट काय जलमभर किनाऱ्याला लागत नाय का?"

गौराबाईनं चांगोला कळवलं, म्हणजे मीच लिहिलं. पंधरा दिवसांनी त्याचं उत्तर आलं. तो आत लिहायला शिकला होता, मोठी मोठी अक्षरं काढायचा. त्यानं लिहिलं होतं, 'मी मेलो म्हणून सांग. मेलेल्याला कोण विचारत नाही. हिरूचं काम होऊ दे.'

मी वाचून थांबले. गौराबाई चुलीपुढं बसली होती.

"मेलं म्हणून सांगू?" ती म्हणाली. "मंग कपाळ पुसाया लागंल. नवरा जित्ता असताना कुंकू पुसू? आन बोडक्या कपाळानं पोरीच्या लग्नात कोपऱ्यात उबी ऱ्हाऊ?"

मी तिला म्हटलं, मुलीच्या लग्नाला कैद्याला रजा मिळते म्हणतात. पॅरोल. अर्ज करू.

"मिळते. मला म्हायती हाय," ती म्हणाली. "आदी पोलीस गावात चौकशीला येतो. मंग गावातला एक मानूस जामीन ऱ्हावा लागतो. म्हंजे दहिवलीभर ढोल वाजवल्यागतच की."

तिकडं भिंत आणि इकडंही भिंत. त्याला आणायचं तर सगळ्यांना कळणार. मेला म्हणावं तर ही जिवंतपणी विधवा. आणि बोटीवरच ठेवावा तर सुपारी फुटत नाही. मी संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, पण मागायचं काय तेच सुचेना. मी रोज ज्या तोंडानं नाव घेत होते त्याच तोंडानं एडन म्हणत होते. नुसता नमस्कार करून उठले.

मालिका संपत आली. शेवटचा भाग सिनेमाएवढा होणार, अडीच तासांचा, रविवारी दुपारी, असं जाहीर झालं. त्याच रविवारी धोंडूबाईचा निरोप आला, आम्ही सुपारीचं बोलायला येतो. निरोप घेऊन आलेला माणूस हसतच होता. "काकी म्हनाली, आमच्या आळीत टीवी नाय. मास्तरांकडं हाय. तर आदी बगू, मंग बोलू."

माणसं दोनलाच आली. धोंडूबाई, तिचा नवरा नागू, गजा आणि दोन वडीलधारे. आमची शेजारीण-मंडळी होतीच. मी सतरंज्या अंथरल्या, ताटात सुपारी, हळदकुंकू आणि खडीसाखर मांडून ठेवली. मला वाटलं होतं गौराबाई चहाच्या निमित्तानं आत राहील. पण ते निमित्त हिरूनं आधीच पकडलं होतं. तिलाही सगळं माहीत होतं, तिलाही ते बघायचं नव्हतं. एका स्वयंपाकघरात दोघींना एकच निमित्त पुरत नाही.

"या हो विहीणबाय," धोंडूबाईनं गौराबाईचं मनगटच धरलं. "विहिणीजवळ विहिणीनं बसावं. सारकं काम काय करता?"

आणि तिनं तिला अगदी पुढं, टीव्हीसमोर, आपल्या मांडीला मांडी लावून बसवलं. मागे तीस माणसं. दाराकडे जायला पाऊल ठेवायला जागा नाही.

सुरुवातीलाच भेटीचा प्रसंग होता. कैद्याची बायको तुरुंगात येते. एका स्वच्छ खोलीत टेबल, दोन खुर्च्या. ती डबा उघडते, घास भरवते, त्याचा हात हातात धरून रडते. खोलीत नाकं ओढल्याचे आवाज यायला लागले. धोंडूबाईनं पदर डोळ्याला लावला.

"कसा हात धरलाय बगा," ती म्हणाली. "सोडवंना झालाय बिचारीला."

"हात कुटला धराया मिळतो!"

गौराबाईचा आवाज होता. मला वाटतं, आपण बोललो हे तिलाही ऐकूनच कळलं. पण तोंड सुटलं होतं. "दोन जाळ्या असतात. एक आपल्याकडं, एक त्यांच्याकडं. मदी हातभर जागा. बोटबी पोचत नाय. पंचवीस बाया एकदम वरडतात, कुनाचं कुनाला ऐकू येत नाय. निस्तं तोंड हललेलं बगायचं."

धोंडूबाई वळली. "तुमाला काय म्हायती?"

"पेपरात आलं होतं," मी मागून म्हटलं. "मीच वाचून दाखवलं होतं."

"आसं व्हय," धोंडूबाई म्हणाली आणि पुन्हा टीव्हीकडे पाहायला लागली. पण आमच्या यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरी येणारा पेपर तेच आधी वाचतात.

अजून दोन तास होते. मी नंतर टीव्ही पाहिलाच नाही, गौराबाईची पाठ पाहिली. ती एकाच जागी ताठ बसली होती, आणि तिची बोटं पदराचा काठ चिमटीत धरून पुढं पुढं सरकत होती, तांदळातला खडा शोधावा तशी. जाहिराती लागल्या तेव्हा धोंडूबाईला पुन्हा आठवण झाली.

"मंग व्याह्यांची बोट आता कुटंशी असंल?"

सगळ्या खोलीनं माझ्याकडे पाहिलं, कारण या प्रश्नाचं उत्तर नेहमी मीच देत असे.

"एडनला," मी म्हटलं.

"आजून?" नागू म्हणाला. "गेल्या बारीलाबी थितंच व्हती. तळाला टेकली का काय?"

हशा पिकला. देवानं सोडवलं म्हणावं तशी मालिका पुन्हा सुरू झाली.

कैद्यानं फरशी उचलली. गटारातून सरपटत गेला. शिट्ट्या वाजल्या, कुत्री भुंकली. खोलीतलं एकही माणूस धड बसलेलं नव्हतं. नागू गुडघ्यावर उभा राहून ओरडत होता, "पळ रं, पळ! मागं बगू नको मर्दा!" धोंडूबाईनं हात जोडले होते. "देवी माते, ह्याला सोडव. सुटला तर नारळ फोडीन," ती मोठ्यानं म्हणाली, आणि कुणी हसलं नाही. सोनुबाई तर हुंदके देत होती. तो भिंतीवर चढला, पडला, शेतातून धावत सुटला आणि पहाटे आपल्या घरापाशी पोचला. बायकोनं दार उघडलं. संपलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारी माणसं डोळे पुसत होती. धोंडूबाई गौराबाईच्या खांद्यावर हात टाकून म्हणाली, "बरं झालं गं बाय, सुटला. बायकू किती वाट बगत आसंल त्याची."

तेव्हा गौराबाई बोलली. आवाज चढवला नाही, उतरवला नाही.

"माजा नवराबी तुरुंगातच हाय, धोंडूबाय. बोटीवर नाय. बारा वरसं झाली."

आधी कुणाला कळलंच नाही. टीव्हीवर खतांचं काहीतरी सांगायला लागले होते. आमच्या यांनी उठून बटण बंद केलं.

धोंडूबाईचा हात अजून तिच्या खांद्यावर होता. डोळ्यांत पाणीही होतं. "कशापायी?" तिनं हळूच विचारलं.

"बांदाचं भांडन. चुलतदीर मेला."

"पन ह्यानं तर केलं नव्हतं," धोंडूबाईनं टीव्हीकडे बोट दाखवलं. "ह्याच्यावर कुभांड घेतलेलं. तुमच्यानं?"

गौराबाई खोटं बोलू शकली असती. आणखी एक. मला वाटलं ती बोलेल, मी मनातल्या मनात तिला म्हटलंसुद्धा, बोल.

"केलं," ती म्हणाली.

खांद्यावरचा हात गेला. धोंडूबाई उठली, पातळ झटकलं, जणू सतरंजीवर काही सांडलं होतं. मग ती माझ्याकडे वळली. "आन मास्तरीणबाय, तुमी देवाधरमाच्या. आताच म्हनालात ना, एडनला?"

मी उठून देवघरावरचा पडदा बाजूला करायला गेले.

माणसं निघून गेली. गजा दारात थोडा घुटमळला, पण बापानं हाक मारली. ताटातली सुपारी तशीच राहिली. हिरू स्वयंपाकघरात चहाच्या भरलेल्या कपांपुढं उभी होती. तीस कप.

सगळे गेल्यावर मी गौराबाईवर चिडले. अकरा वर्षं मी सांभाळलं आणि तू एका क्षणात सांडून बसलीस, असं बोलून गेले.

"समदी रडत व्हती वो वैनी," ती म्हणाली. "त्या मान्सासाटी नारळ बोलली ती. मला वाटलं, डोळ्यात पानी हाय तवर सांगून टाकावं. मंग सुकंल."

आठ दिवस कुणी आलं नाही. गावानं मात्र आपलं काम केलं. नळावर गौराबाईची घागर पुढची बाई हात न लावता पायानं सरकवायची. गिरणीत तिच्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. सोनुबाई रोज काहीतरी मागायला यायची ती यायची थांबली. आमचे हे माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "पेपरात आलं होतं म्हणे," आणि मान हलवून हसले. मग म्हणाले, "जामीन कोण राहणार आहे? अर्ज आण, मी सही करतो." लपवायचं काही उरलंच नव्हतं. ढोल वाजून गेला होता.

नवव्या दिवशी नागू एकटा आला. ओट्यावरच बसला, आत आला नाही.

"पोरगं हट्टाला पेटलंय," तो म्हणाला. "हिरूशीच करनार म्हनतो, नायतर करतच नाय. तवा लगीन हुईल. पन धोंडूची एक अट हाय." त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. "तुमी त्यान्ला रजेवर आना, आनू नका, तुमचं तुमी बगा. बाप हाय. पन मांडवात नाय यायचं. कडाववाल्यांच्या नजरंला नाय पडायचं. आधी तीच म्हनायची बाप पायजे, आता..." तो जायला उठला. "नारळ फोडून आली बरं का. त्या टीवीतल्याचा."

"बरं केलं," गौराबाई म्हणाली. "बोललेला ठेवू नये."

हिरूनं आईला म्हटलं, नको मला असलं लग्न. गौराबाईनं तिचं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी नागूला होकार कळवला. मला म्हणाली, "तिला मी बारा वरसं माज्यासंगं आत ठेवली. ती तरी भायेर पडंल."

चांगो लग्नाच्या तीन दिवस आधी आला. मी त्याला त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं, फक्त वाचलं होतं. केस पांढरे, अंगानं वाळलेला, आवाज अगदी बारीक. तो घरात भिंतीच्या कडेकडेनं चालायचा. तहान लागली की माठाजवळ उभा राहायचा, आणि कुणी दिसलं की विचारायचा, "पानी घेऊ?" हिरूनं वाकून नमस्कार केला तर आशीर्वादाचा हात कुठं ठेवावा ते त्याला कळेना. शेवटी त्यानं तो आपल्याच डोक्यावर ठेवला. रोज सकाळी आमचे हे त्याला कर्जतच्या पोलीस चौकीवर हजेरीला घेऊन जायचे. वाटेत लोक बघायचे. धोंडूबाईची अट सांगितली तेव्हा तो म्हणाला, "बरोबर हाय तिचं," आणि मधल्या खोलीत जाऊन बसला.

मांडव आमच्याच अंगणात होता. कन्यादानाला आम्ही दोघं बसणार होतो. सकाळपासून मधल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. खिडकी मी आतून लावून घेतली होती, कडाववाल्यांची जानवशाची जागा त्याच अंगाला होती. आत उकडत होतं. मी दोनदा पाणी नेऊन दिलं. तो भिंतीला टेकून बसला होता, नवा सदरा घालून. त्याला कुणी बघणार नव्हतं तरी गौराबाईनं त्याला नवा सदरा घातला होता.

मुहूर्त आला. मुलीच्या आईनं मंगलाष्टकं ऐकू नयेत असा आमच्याकडे रिवाज आहे. अंतरपाट धरला की ती मांडवातून उठून आत जाते, तुळशीला पाणी घालते, काहीतरी कामात मन गुंतवते. धोंडूबाई समोरच उभी होती. गौराबाई उठली तेव्हा तिनं पाहिलं, पण रिवाजाला काय म्हणणार? गौराबाई तुळशीकडे गेली नाही. ती सरळ घरात आली, मी अक्षतांचं तबक घ्यायला आले होते तिथं.

"वैनी," ती म्हणाली, "मी त्यांच्यासंगं बसते. भायेरनं कडी लावा."

"कशाला कडी? कुणी येत नाही."

"ते म्हनतात," ती म्हणाली. "दार निस्तं लोटलेलं असलं की त्यान्ला बसवत नाय. कवा उगडंल, कवा उगडंल, तिकडंच ध्यान. हिरूचं लगीन चाललंय, आज तरी नीट ऐकू द्या."

मी दारातून आत पाहिलं. तो खाली मान घालून बसला होता. गौराबाई त्याच्या शेजारी जाऊन बसली, तिच्या हळदीच्या हाताची खूण त्याच्या बाहीवर उमटली. मी दार ओढलं आणि कडी लावली. आयुष्यात मी ज्या गोष्टी केल्या त्यांत ही एक मला अजून झोपेत ऐकू येते.

बाहेर भटजींनी सूर धरला. मी हिरूच्या मागे उभी राहून अक्षता टाकत होते. टाकताना देवाचं नाव घेतलं, आणि या वेळी काय मागायचं ते मला माहीत होतं. माणसं सावधान म्हणत होती. गजा घामानं निथळत होता. शेवटचं कडवं झालं, वाजंत्री वाजली, अंतरपाट गेला, हार पडले. धोंडूबाई रडत होती, खरोखरची.

मी तबक तिथंच खाली ठेवून आत पळाले. आधी दार वाजवलं, म्हटलं, "झालं गं, झालं लग्न." मग कडी काढली.

कडीचा आवाज झाला तसा चांगो ताडकन उठून उभा राहिला. पाय जुळवलेले, हात बाजूला सोडलेले, नजर समोर भिंतीवर. गौराबाईनं त्याची बाही धरून हळूच खाली ओढली.

"बसा वो," ती म्हणाली. "वैनी हायेत."